गच्चीवरचा आठ इंची संसार

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की माणसं दिवसभर कूलरसमोर आणि रात्री गच्चीवर. अमरावतीतही तेच, फक्त आम्ही अमरावतीकर "अकोल्यापेक्षा बरं हाय आपल्याकडं" असं म्हणून मग गच्चीवर पाणी मारतो. बाजा टाकल्या, सतरंज्या अंथरल्या, की उताण्या पडलेल्या माणसाला आकाश बघण्यावाचून दुसरं काम उरत नाही. त्यामुळे वऱ्हाडातल्या जुन्या पिढीला तारे पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर, हे माझ्या आजीला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत ते चोर पकडले गेले नाहीत, याचा तिला रागही होता.

या सगळ्या गच्च्यांवर मिळून एकाच माणसाला आकाश दिसत नसतं. त्याच्याकडे दुर्बीण असते. तो गुडघ्यांवर बसलेला असतो, तोंडात लाल जिलेटीन गुंडाळलेला टॉर्च, हातात ॲलन की, आणि घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. शेजारच्या बाजेवरून आवाज येतो, "काय पाहून राह्यले भाऊ?" तो स्क्रू पाहून राह्यलेला असतो.

मी या जमातीतला. अमरावतीत राहतो आणि आठ इंची परावर्तक दुर्बीण बाळगतो. माझा अकोल्याचा मित्र दहा इंची बाळगतो आणि दर फोनला ते ऐकवतो. इंच म्हणजे दुर्बिणीतल्या आरशाचा व्यास. आमच्या जगात माणसाची इभ्रत जमिनीच्या एकरांवर ठरत नाही, या इंचांवर ठरते. तीनवाला सहाकडे बघून झुरतो, सहावाला आठकडे, आणि दहावाल्याला कळतं की आपण जिन्यातून एकट्यानं दुर्बीण वर नेऊ शकत नाही, आणि मग तो फोन करून आठवाल्याला ऐकवतो.

दुर्बीणवाल्याला भेटणारा माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो. "किती दूरचं दिसते?" त्याचं खरं उत्तर असं की दूरचं पाहायला दुर्बीण लागतच नाही. देवयानी दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे आणि चिखलदऱ्याला अमावस्येला नुसत्या डोळ्यांना दिसते. हे ऐकून विचारणारा नाराज होतो. मग दुसरा प्रश्न, "किती पट मोठं दिसते?" इथं आम्ही खूश होतो, कारण हिशोब सोपा असतो. माझ्या आरशाचं नाभीय अंतर १२०० मिलीमीटर. पंचवीस मिलीमीटरची नेत्रिका लावली की ४८ पट, दहाची लावली की १२० पट. पण समोरच्यानं तोवर बाजारात तीन इंची दुर्बिणीचं खोकं पाहिलेलं असतं. त्यावर रंगीत तेजोमेघाच्या चित्राखाली ६७५ पट लिहिलेलं असतं. व्यासाच्या दर मिलीमीटरला दोन पट, यापुढे कितीही वाढवलं तरी नुसता धूसर गोळा मोठा होतो. तीन इंचाला दीडशेच्या वर काही अर्थ नाही. पण हे सांगितलं की आपली दुर्बीण कमी दर्जाची आहे आणि आपण ते लपवतोय, असा समज होतो. "त्याच्यावर त सहाशे पंच्याहत्तर लिहिलं हाय!" छापलेल्यापुढे आमच्या हिशोबाची काय किंमत?

तिसरा प्रश्न चंद्राचा. "ते झेंडा दिसते का, त्यायनं लावलेला?" याचं उत्तर मी लोणारावर आणून ठेवलं आहे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. आठ इंची दुर्बिणीला चंद्रावरची साधारण एक किलोमीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नाही. म्हणजे अख्खं लोणार उचलून चंद्रावर नेऊन ठेवलं, तर हवा चांगली असेल त्या रात्री एक टिंब दिसेल. झेंड्याचं काय घेऊन बसलात? मात्र हे एकदा सांगितल्यावर कॉलनीत पसरलं ते असं की मी चंद्रावर लोणार शोधलं आहे.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे दुर्बिणीची पेटी करणाऱ्या सुताराकडे. पण त्याआधी ती पेटी कुठून आली ते.

आमच्या दुर्बिणीचा बाज एका साधूनं शोधला. जॉन डॉब्सन, जन्म १९१५, बीजिंगचा. १९४४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात गेला, म्हणजे रामकृष्ण परंपरेत. मठात बसून यानं जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवले आणि रात्री बाहेर नेऊन रस्त्यावरच्या लोकांना चंद्र दाखवू लागला. मठाची कामं सोडून हे चाललेलं पाहून १९६७ मध्ये त्याला मठातून काढून टाकलं. संसारी माणसाला दुर्बिणीपायी घरातून काढतील अशी भीती असतेच; पण संन्याशालाही काढतात, हे मी घरात मुद्दाम सांगितलेलं नाही. डॉब्सनची युक्ती इतकी साधी की तिचं त्यानं पेटंटही घेतलं नाही. लाकडाची पेटी, त्यात दोन अर्धगोल खाचा, खाली एक फिरती पाटी. जिथं लाकूड लाकडाला टेकतं तिथं एका बाजूला टेफ्लॉनचे तुकडे आणि दुसऱ्या बाजूला सनमायका. बोटानं ढकललं की सरकते, सोडलं की थांबते. मोटर नाही, गिअर नाही.

मात्र सनमायका कोणती? गुळगुळीत चालत नाही, दुर्बीण चिकटून राहते आणि मग एकदम उडी मारते. बारीक दाणेदार हवी. मी इतवाऱ्यातल्या दुकानात टेफ्लॉनचा तुकडा घेऊन गेलो आणि एकेका नमुन्यावर तो घासून बघू लागलो. दुकानदारानं आधी रंग दाखवले, मग डिझाइन दाखवलं, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि गल्ला बंद केला. सुतारदादांनी पेटी ठणठणीत केली. फक्त चारी बाजूंना गुलाबाच्या फुलांची सनमायका लावली, कारण "नुसती करडी बरी नाई दिसत, घरात बायामाणसं हायेत." त्यामुळे आजही माझी दुर्बीण लांबून ड्रेसिंग टेबल वाटते. खाचांमध्ये मात्र त्यांनी दाणेदार तुकडा अचूक बसवला होता आणि दुर्बीण एका बोटानं सरकत होती. शिक्षण सातवी आणि घर्षणाची जाण अशी, की मला पुढं काही बोलता आलं नाही.

लेथवाल्या भाऊंची गोष्ट वेगळी. नेत्रिका मागेपुढे सरकवायची नळी त्यांनी करून द्यायची होती. वऱ्हाडातला लेथ जिनिंग-प्रेसिंगवर जगतो. दिवाळीनंतर कापूस येतो, जिनिंगचे रूळ, शाफ्ट, बेअरिंगं रोज मोडतात आणि भाऊंना मान वर करायला वेळ नसतो. माघ-फाल्गुनापर्यंत ही धामधूम. आणि आकाश स्वच्छ कधी असतं? दिवाळीनंतर, माघ-फाल्गुनापर्यंत. पावसाळा लागला की भाऊ मोकळे, पण आकाश बंद. कापसानं आणि ढगांनी मिळून आमच्या छंदाची जी कोंडी केली आहे, तिच्यावर कोणत्याही पॅकेजमध्ये तरतूद नाही. भाऊंचं उत्तर बारमाही एकच असतं, "परवा देतो."

कूलरवाला मात्र तत्पर. दुर्बिणीचा आरसा दिवसभर बंद खोलीत तापतो आणि रात्री गच्चीवर आणला की त्यातून गरम हवेच्या लाटा उठतात. गुरू त्या लाटांमध्ये डुलतो, वितळतो, परत जमतो. आरसा हवेइतका थंड होईपर्यंत काही खरं नसतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे हवाच रात्री एक वाजेपर्यंत थंड होत नाही. गच्चीचा स्लॅब पहाटेपर्यंत दिवसाची उसनवारी फेडत असतो. म्हणून आरशाच्या पाठीमागे पंखा बसवायचा. कूलरवाल्यानं मोडक्या कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा छोटा पंखा आणला, रबराच्या चकत्यांवर बसवला म्हणजे थरथर आरशाला लागू नये, आणि मोटरसायकलच्या जुन्या बॅटरीला जोडला. पाच मिनिटांत काम फत्ते. वर विचारलं, "खसची जाळी लावू काय समोरून? अजून थंड होईन." घरातून वेगळी प्रतिक्रिया आली. "बैठकीतला कूलर दोन महिन्यांपासून घरघरते, त्याले कोणी पाहत नाई. आरशाले पंखा!" या वाक्याला खगोलशास्त्रात उत्तर नाही.

अकोल्याच्या मित्रानं आरसा विकत घेतला नाही, स्वतः घासला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. तिथं शिकून आलेल्या एकाकडून यानं विद्या घेतली. दोन जाड काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि घासत सुटायचं. वरची काच आपोआप खोलगट होत जाते, खालची फुगत जाते. एका जागी उभं राहून चालत नाही. काच सगळीकडून सारखी घासली जावी म्हणून ड्रमभोवती फिरत राहायचं. रणपिसेनगरातल्या त्याच्या गच्चीवर हा माणूस रोज संध्याकाळी वाळूनं भरलेल्या ड्रमला प्रदक्षिणा घालतो, हे समोरच्या काकूंनी पाहिलं आणि काही दिवसांनी ड्रमसमोर नारळ आणि उदबत्ती आली. मधोमध जेमतेम अडीच मिलीमीटरचा खड्डा पाडायला त्याचा एक पावसाळा गेला. त्यानंतर पॉलिश. त्यासाठी डांबराची मऊ चकती लागते, आणि पृष्ठभागातली चूक मिलीमीटरच्या सात हजाराव्या भागाच्याही आत आणावी लागते. पुण्यात बरोबर घट्ट असलेली ही चकती अकोल्याच्या मार्चमध्ये पसरून गच्चीवर वाहू लागते. मित्रानं फ्रीजमध्ये ठेवून पाहिली. वहिनींनी दुसऱ्या दिवशी ती काढून बाहेर ठेवली आणि जागेवर पांढऱ्या कांद्याची चटणी ठेवली. शेवटी पॉलिश पौषात, पहाटे चार वाजता, स्वेटर घालून झालं.

आणि एवढं सगळं जुळल्यावर ध्रुव दिसत नाही.

ध्रुवतारा क्षितिजाच्या वर तितकेच अंश असतो जितके आपल्या गावाचे अक्षांश. अमरावती-अकोला एकवीस अंशांच्या आसपास. युरोपातल्या लोकांना ध्रुव चांगला पन्नास अंश वर दिसतो, आम्हाला शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीमागे. महागडा विषुववृत्तीय स्टँड, जो ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरवतो, तो आधी ध्रुवावर लावावा लागतो. मित्रानं तोही घेतला. तो स्टँड थंड देशांत वापरायच्या हिशोबानं केलेला. एकवीस अंशांवर आणला की त्याचं वजन खालच्या तिपाईच्या पायावर आपटतं. मग परत लेथवाले भाऊ, परत परवा. टाकीवाल्या शेजाऱ्याला मित्रानं विनंती केली की टाकी चार फूट सरकवता येईल का. शेजारी म्हणाले, "ध्रुव हलत नसते म्हणता ना? मंग थोऽऽडं थांबा. हे टाकी गळून राह्यली, पुढच्या साली बदलतोच."

निगा राखण्याबद्दल एवढंच सांगतो की आरसा जितका कमी पुसाल तितका बरा. त्याच्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की घरच्या फडक्यानं एकदा प्रेमानं पुसला की कायमचे ओरखडे. धुवायचाच झाला तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि औषधाच्या दुकानातला कापूस स्वतःच्याच वजनानं ओढत न्यायचा. दुर्बिणीत घर करणाऱ्यांचा प्रश्न अवघड. नेत्रिकेच्या नळीचं सव्वा इंची भोक कुंभारीण माशीला मुद्दाम तिच्यासाठीच पाडलेलं वाटतं. एकदा झाकण लावायचं राहिलं होतं, तर चार दिवसांत तिनं आत मातीचं सुबक घर बांधलं. मी टॉर्च लावून बघितलं: वाटाण्याएवढे तीन कप्पे, प्रत्येकाचं तोंड बोटानं लिंपल्यासारखं बंद, आणि शेवटच्या कप्प्यातून अळीच्या जेवणासाठी आणून ठेवलेल्या कोळ्याचा एक पाय बाहेर आलेला. माझ्या सुतारानं जेवढी सफाई पेटीवर दाखवली त्याच्या दुप्पट. मी ते घर फोडलं नाही. त्या महिन्यात शनी बघायचा होता, पण शनी पळून जाणार नव्हता.

शनी मात्र २०२५ साली आमच्यावर उलटला. वर्षभर मी कॉलनीत "शनीची कडी दाखवतो" म्हणून सांगत होतो. दर पंधराएक वर्षांनी ही कडी आपल्याला बरोबर कडेनं दिसतात, आणि ती इतकी पातळ की एक रेघ उरते, कधी तीही नाही. हे २०२५ मध्येच घडलं. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी मारतो, त्याच फेरीतून अडीच-अडीच वर्षांच्या तीन राशींची साडेसाती निघते आणि त्याच फेरीत कडी दोनदा गायब होतात. गच्चीवर रांग लागली. आमच्याकडे दुर्बिणीसमोर रांग लागली की लोक आपोआप चपला काढतात. एका काकांनी वाकून पाहिलं आणि सरळ झाले. "कडं कुठं गेलं?" मी साडेएकोणतीस वर्षांचा हिशोब सांगू लागलो. मागून दुसरे म्हणाले, "नगरपालिकेचं टेंडर असंन." तिसऱ्या काकू पाहायला तयारच नव्हत्या. "मी पाह्यलं त ते मले नाई पाहणार ना?" मी सांगितलं की प्रकाश तिकडून इकडे येतो, इकडून तिकडे काही जात नाही. त्यांचं समाधान झालं, पण पाहिलं डोळा अर्धा मिटूनच.

जूनमध्ये शेतकरी मंडळी मृग दाखवा म्हणतात. मृग लागला की पाऊस, हे त्यांना पक्कं, आणि लागलेलं नक्षत्र आकाशात असायलाच हवं. पण मृग लागला याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात शिरला; सूर्याच्या मागे लपलेला मृग दिसणार कसा? तो पाहायचा तर डिसेंबरात या. डिसेंबरात मृग पूर्वेला झोकात उगवतो, तिकांडं लखलखतं, पण तेव्हा कोणी येत नाही. तूर काढायची असते. ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपवर दर वर्षी येतं की २७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार. ही अफवा २००३ पासून चालू आहे, त्या वर्षी मंगळ खरोखर जवळ आला होता, चंद्राएवढा तेव्हाही नव्हता. मी आता वाद घालत नाही. ऑगस्टात अमरावतीला ढग असतात, अफवा आपोआप निभते.

अकोल्याच्या मित्राचा इंचांचा ताठा उतरवायला माझ्याकडे एकच हत्यार आहे, ते म्हणजे तळणी. नागपूरकडे जाताना धामणगावच्या पुढे, पुलगावच्या अलीकडे हे छोटं स्टेशन लागतं. अमरावती जिल्ह्यातलं. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इथून गेला. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला ठाण मांडून होते, पुलगावला न्यूअल नावाचे केंब्रिजचे गृहस्थ होते, आणि तळणीला इंग्लंडच्या हौशी खगोलप्रेमींच्या संघटनेची तुकडी उतरली होती. त्यात ॲनी माँडर. त्या ग्रिनिचच्या वेधशाळेत गणिताचं काम करत. १८९५ मध्ये लग्न झालं आणि लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरी नाही या नियमानं ती नोकरी गेली. नवरा तिथेच राहिला. तर या बाईंनी तळणीच्या रानात, दोनेक मिनिटांच्या त्या अंधारात, दीड इंच व्यासाच्या भिंगाचा स्वतःच्या आखणीचा कॅमेरा लावला आणि सूर्याच्या प्रभामंडलातला एक झोत टिपला, जो सूर्यापासून जवळजवळ एक कोटी किलोमीटर बाहेर गेला होता. इतका लांब झोत तोवर कोणी टिपला नव्हता. त्यांच्याच सोबत तळणीला असलेले एव्हर्शेड पुढे कोडाइकनालला गेले आणि सूर्यडागांच्या अभ्यासात त्यांचं नाव कायमचं लागलं.

"दीड इंच," मी मित्राला म्हणालो. "अमरावती जिल्ह्यात."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तवा लाइटं नव्हते ना बावा. आकाश काळंकुट्ट असंन." मी म्हणालो, ग्रहण भर दुपारी होतं. "मंग त अजूनच सोपं," तो म्हणाला, आणि बारा इंची आरशाची किंमत सांगू लागला.

तळणीच्या प्लॅटफॉर्मवर दुर्बीण नेऊन लोकांना चंद्र दाखवायचा बेत आम्ही दर वर्षी करतो. माझी गुलाबाच्या फुलांची पेटी डब्यात चढवली की शेजारचा प्रवासी विचारतो, "मुलीचं लग्न व्हय का?" तिथून संभाषण कुठंही जाऊ शकतं.

आता पुढची तयारी ग्रहणांची. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये सहा मिनिटांवर खग्रास आहे, आपल्याकडे संध्याकाळी खंडग्रास, पण आषाढातल्या त्या संध्याकाळी वऱ्हाडात सूर्य दिसला तर तेच आश्चर्य. भारतातून खग्रास पाहायचं तर २० मार्च २०३४, तेही लडाखकडे. मित्रानं ठरवून टाकलं आहे की दहा इंची तिकडे न्यायची, सुटी करून, गाडीच्या डिकीत मावेल अशी. नळीचे आठ तुकडे करून जोडता येतील अशा कड्या त्याला लेथवर हव्यात. आम्ही दोघं मिळून भाऊंकडे गेलो. कापसाचा हंगाम होता. भाऊंनी जिनिंगचा रूळ फिरवता फिरवता कागद बघितला, मापं विचारली, पितळ घालू की ॲल्युमिनियम ते विचारलं. मग मित्रानं तारीख सांगितली.

भाऊंनी लेथ बंद केला.

"चौतीस? मंग आत्ता कायले आले बाप्पा? परवा या."